आप्पांचा डावखुरा

आप्पा, परवा तुमचा तेरावा झाला. जेवणं उरकल्यावर अंगणात खुर्च्या गोल मांडल्या आणि लोक तुमच्याबद्दल बोलायला लागले. तुमचे विद्यार्थी, शाळेतले जुने शिक्षक, शेजारचे, सगळे बोलले. पीटीच्या सरांबद्दल इतकं बोलण्यासारखं असतं हे मला ठाऊक नव्हतं. शेवटी कोणीतरी माझ्याकडे बघून म्हणालं, "आता जावईबापू दोन शब्द बोलतील." मी हात जोडले आणि आत निघून गेलो. मागून ऐकू आलं, "हळवे आहेत फार." हळवा कसला डोंबलाचा! मी घाबरलेला होतो. तोंड उघडलं असतं तर अधिक महिन्यातल्या त्या जेवणाचं निघालं असतं, आणि एवढ्या लोकांत ते बोलायची माझी छाती नव्हती. आता धारला परत आलोय, माझ्या ऑनलाइन फॉर्म-निकालाच्या सेंटरचं शटर अर्धं खाली ओढलंय आणि तुम्हालाच लिहितोय.

वैजूशी लग्न झाल्यावर पहिल्यांदा देवासला राहायला आलो, तेव्हा तुम्ही मला चहाबरोबर एक बॅट दाखवली होती. क्रिकेटची नव्हे, गोल, मुसळासारखी. "ही बेसबॉलची," तुम्ही म्हणालात, "आमच्या साहेबाची." मला वाटलं सासरा थोडा तिरपागडा आहे. तसे तुम्ही होताच. नोकरीच्या सुरुवातीला तुम्ही कन्नौदच्या शाळेत होतात आणि तिथे एक अमेरिकन माणूस शेतकऱ्यांना सोयाबीनची लागवड शिकवायला आला होता. गहू निघून गेलेल्या रिकाम्या शेतात त्यानं तुम्हाला आणि तुमच्या पोरांना हा खेळ शिकवला. दोन वर्षांनी परत जाताना त्यानं ती बॅट दिली आणि बरोबर एक पत्र्याची ट्रंक दिली. ट्रंकेत वर्तमानपत्रांची कात्रणं होती. तो लहान असताना त्याच्या वडिलांनी एका अख्ख्या वर्षाचे सामने रोजच्या रोज कापून ठेवले होते. ते वर्ष गेल्या शतकाच्या अगदी मध्यावरचं. कोण किती वेळा बॅट घेऊन उभा राहिला, त्यानं किती हिट मारल्या, हे सगळं बारीक टायपात. वर्षअखेरीची यादी मात्र त्यात नव्हती. म्हणजे हिटांना पाळ्यांनी भागून त्या वर्षी सगळ्यात चांगला मारणारा कोण ठरला, हे ट्रंकेला ठाऊक होतं पण ती सांगत नव्हती. हे वाक्य तुमचं, माझं नव्हे.

रिटायर झाल्यावर बाकीची माणसं देवळात जातात, नाहीतर मुलांच्या मागे लागतात. तुम्ही ट्रंक उघडलीत. आणि काम करायची पद्धत तरी कसली! ज्या तारखेचं कात्रण, ते त्याच तारखेला उघडायचं. एक दिवस आधी नाही. दरवर्षी एकच टीम धरायची. आठ टीम, म्हणून आठ वर्षं. वैशाखाच्या आसपास तुमचा सीझन सुरू व्हायचा आणि दसऱ्याच्या आगेमागे संपायचा. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा विचारलं होतं, "आप्पा, एका दमात बसलात तर दोन महिन्यांत होईल की." तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत, जणू मी सात महिन्यांचं पोर काढायला सांगितलं. "बापू," तुम्ही म्हणालात, "ते लोक रोज खेळले. मी रोज मोजणार."

संध्याकाळी सेंटर बंद करायच्या वेळेला तुमचा फोन यायचा. "आज आपल्या डावखुऱ्यानं काय केलं, विचारा." मी विचारायचो. त्यांची इंग्रजी नावं तुमच्या जिभेवर बसत नव्हती, म्हणून तुम्ही शाळेतल्या पोरांसारखी त्यांना नावं ठेवली होती. डावखुरा, लांब्या, टकल्या, मुनीम. मुनीम म्हणजे जो रोज वेळेवर येऊन एक हिट मारून घरी जातो तो. डावखुरा चार-चार दिवस कोरडा जायचा आणि पाचव्या दिवशी असा सुटायचा की तुम्ही फोनवर ओरडायचात. सत्तर वर्षांपूर्वी मारलेला तो फटका तुम्ही आज झाल्यासारखा सांगायचात, आणि मला धारला बसून तो दिसायचा.

मी मुनीमच्या बाजूचा. रोज काम करणारा माणूस मला आवडतो, मी स्वतः तसाच आहे. तुम्ही कायम डावखुऱ्याचे. "रोज एक पोळी खाणारा आणि चार दिवस उपाशी राहून मग पाच खाणारा," तुम्ही म्हणायचात, "सरासरी सारखी येईल. पण जेवला कोण, सांगा." मी म्हणायचो, "आप्पा, चार दिवस उपाशी राहिलेला माणूस पाचव्या दिवशी आजारी पडतो." यावर तुम्ही खोखो हसायचात आणि म्हणायचात, "दसऱ्यानंतर बघू." आमच्या घरात माझे वडील आणि मी कामापुरतं बोलायचो. गॅसचा नंबर लावला का, लाइट बिल भरलं का. एका पुरुषानं दुसऱ्याला उगीचच, काही काम नसताना फोन करायचा असतो, हे मला चाळिशीत तुमच्याकडून कळलं. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

एकच नियम तुम्ही मला घातला होता. मोबाइलवर बघायचं नाही. "तुमचा धंदाच निकाल बघायचा," तुम्ही म्हणालात, "पण हा माझा निकाल आहे. मी काढणार." ते खरंच होतं, दिवसभर मी दुसऱ्यांचेच निकाल बघतो. दहावीचे, बारावीचे, भरतीचे. बदनावर, मनावर अशा गावांहून पोरं येतात, रोल नंबर सांगतात, मी बटण दाबतो. तुमचं उत्तर माझ्या बोटाखाली होतं आणि आठ वर्षं मी बोट लावलं नाही. याचा मला अभिमान होता, आप्पा.

आणि मग अधिक महिना आला.

तुम्ही आणि माईंनी जावई म्हणून मला वाणाचं जेवण घातलंत. पाट, रांगोळी, तेहतीस अनारसे, वर निरांजन ठेवलेलं तांब्याचं ताट. वैजूचे मावसभाऊ आले होते, तुमचे दोन जुने मित्र आले होते. आठवी टीम गेल्या दसऱ्याला संपली होती, थंडीभर तुम्ही भागाकार केले होते आणि यादी तयार ठेवली होती. मला सांगायचं म्हणून या जेवणाची वाट बघत होतात. मला हे ठाऊक नव्हतं. मी इंदूरच्या बसमध्ये दीड तास उभा राहून आलो होतो, डोकं तापलेलं होतं. तुम्ही वाढता वाढता पाहुण्यांना म्हणालात, "आमचे बापू सगळ्या जिल्ह्याचे निकाल बघतात, पण त्यांचा मुनीम दुसरा आला हे त्यांना आज मी सांगणार!" सगळे हसले. मावसभाऊ म्हणाला, "क्या बात है जिजाजी, फेल हो गए!"

थट्टा होती, प्रेमाची होती, हे मला तेव्हाही कळत होतं. पण पाटावर बसून, कपाळाला गंध लावून, सगळ्यांच्या हसण्यात मी उगीचच चिडलो. खिशातून मोबाइल काढला. उष्टा हात बाजूला धरून डाव्या हातानं ते वर्ष टाकलं, खेळाचं नाव टाकलं, पहिली जी यादी उघडली तिच्यावरून बोट फिरवलं. डावखुऱ्याचं इंग्रजी नाव मला पाठ होतं. ते कुठेच नव्हतं.

"आप्पा," मी म्हणालो, "तुमचा माणूस पहिला काय, पहिल्या दहातसुद्धा नाही. आठ वर्षं फुकट गेली तुमची."

माईंचा तूप वाढणारा हात थांबला. तुम्ही एकदाच विचारलंत, "नाहीच का?" मी म्हणालो, "नाही." मग तुम्ही हसून पाहुण्यांना म्हणालात, "जावईबापू म्हणतात म्हणजे असेल. मोजण्यात काहीतरी घोळ झाला असणार." आणि मला अनारसे वाढायला लागलात. अधिकातल्या वाणाला बसलेल्या जावयाचा शब्द या घरात कोणी खोडत नाही. ते मला ठाऊक होतं, आणि त्या आडोशाला बसून मी तुम्हाला हरवलं. मुनीम त्या यादीत आहे का, हेही मी बघितलं नाही. मला फक्त तुमचं तोंड बंद करायचं होतं.

घरी जाताना वैजू बसमध्ये एवढंच म्हणाली, "तुम्ही नसतं सांगितलं तर चाललं असतं ना." मी तिलाच झापलं. खरं ते खरं, मी म्हणालो.

त्यानंतर संध्याकाळचा फोन बंद झाला. मला वाटलं, बरं झालं, विषय संपला. मग मध्येच एकदा, भर दुपारी तुमचा फोन आला. सेंटरमध्ये ऍडमिशनची झुंबड होती. "बापू, एक विचारायचं होतं," तुम्ही म्हणालात. आवाज तुमचा नेहमीचा नव्हता, ऑफिसात साहेबाच्या टेबलासमोर उभं राहून बोलल्यासारखा होता. "त्या यादीच्या वर काय लिहिलेलं होतं हो?" मला वाटलं, पुन्हा तेच दळण. मी म्हणालो, "आप्पा, गर्दी आहे, नंतर करतो." तुम्ही म्हणालात, "हो हो, सवडीनं." मी केला नाही. विसरलो असं सांगायला बरं पडेल, पण विसरलो नव्हतो. दोनदा आठवलं आणि दोनदा कंटाळा केला. माफी मागावी लागेल असं वाटत होतं, ती टाळायची होती.

मग भाद्रपदात ती दुपार. जेवून पंख्याखाली आडवे झालात आणि माई चहाला उठवायला आल्या तेव्हा तुम्ही उठला नाहीत. फोन वैजूनं घेतला. तिच्या तोंडाकडे बघून मला पहिलं काय आठवलं असेल, सांगा. तुमचं हसणं नाही, बॅट नाही. "हो हो, सवडीनं."

तेराव्याला मी अंगणातून आत पळालो तेव्हा मागोमाग मुकेश आला. तुमचा जुना विद्यार्थी, टेंट हाउसवाला, मांडव त्यानंच घातला होता. म्हणाला, "भिया, एक बात बोलूं? सर मेरे पास आए थे, महीना भर पहले. पूछ रहे थे, मुकेश, मोबाइल की लिस्ट ग़लत हो सकती है क्या? मैंने कहा, सर, मोबाइल थोड़ी ग़लत होता है, देखने वाला ग़लत देखता है." मी म्हटलं, "फिर?" तो म्हणाला, "फिर सर बोले, नहीं, देखने वाले तो हमारे दामाद हैं. और चाय पी के चले गए."

मी मधल्या खोलीत गेलो. माईंनी ट्रंक आधीच बाहेर काढून ठेवली होती. "ही तुमची," त्या म्हणाल्या, "ह्यांनी सांगून ठेवलं होतं, बापूंखेरीज कोणाला देऊ नको." मी उघडली. वरच तुमची वही होती. आठ वर्षांची निळी शाई मला ओळखीची होती. पण तिच्यापुढे लाल शाईची पानं होती, ती मी कधी बघितली नव्हती. अधिक महिन्यापासूनची.

आप्पा, तुम्ही सगळं परत मोजलं होतं. डावखुरा आणि मुनीम, दोघांचे सगळे सामने. तारखेची वाट न बघता, एका दिवसात वीस-वीस कात्रणं. तुमचा नियम तुम्हीच मोडलात आणि तो मोडायला मी लावला. अक्षर खाली घसरत गेलं होतं. मध्ये मध्ये स्वतःला विचारलेले प्रश्न होते. "एका दिवशी दोन सामने, दोनदा धरले का? नाही." "चार वाईट चेंडूंवर फुकट बेस मिळाला तो पाळीत धरला का? नाही." "सहाचा आठ वाचला का? भिंग लावून बघितलं. नाही." पानामागून पान नाही, नाही, नाही. नसलेली चूक तुम्ही ती सारी पानं भरून शोधत होतात. शेवटच्या पानावर लिहिलं होतं, "चूक सापडत नाही. यादीच्या वरचं कळलं पाहिजे. बापू कामात आहेत, सवड झाली की करतील फोन."

मी मोबाइल काढला. तेच वर्ष टाकलं, तीच यादी उघडली आणि पहिल्यांदा तिच्या वर बघितलं. तिकडे दोन लीग असतात, आप्पा, आणि तुमच्या ट्रंकेत त्यातल्या एकीचीच कात्रणं. दोन्हींत आठ-आठ टीम, दोन्हींच्या मारणाऱ्यांच्या याद्या वेगळ्या. हे तुम्ही मला फोनवर दहा वेळा तरी सांगितलं असेल आणि मी हूं हूं केलं असेल. सेंटरमध्ये पोरगं निकाल बघायला आलं की मी आधी विचारतो, बोर्ड कोणतं? न विचारता बघितलं तर नापास दिसशील, असं दरडावतो. आणि तुमचा निकाल मी न विचारता, दुसऱ्याच लीगच्या यादीत बघितला होता. तुमच्या लीगची यादी खाली होती. अंगठ्यानं दोनदा सरकवली असती तरी आली असती. पहिलं नाव डावखुऱ्याचं. दुसरं मुनीमचं. तुमची वही शेजारी ठेवून बघितलं, दशांश चिन्हापुढचे तिन्ही आकडे तेच. दोघांचेही.

माई दारात उभ्या होत्या. त्यांना मी सगळं सांगितलं, जमिनीकडे बघत. त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर मी त्यांचा जन्मभर ऋणी राहिलो असतो. त्या म्हणाल्या, "मी म्हटलं होतं त्यांना, परत करा फोन, त्यात काय एवढं. तर म्हणे जावयाला एका गोष्टीसाठी दोनदा त्रास द्यायचा नसतो." मग विचारलं, "म्हणजे ह्यांचं बरोबर होतं?"

"हो," मी म्हटलं.

त्या तुमच्या फोटोपाशी गेल्या. तुम्हाला अलीकडे कमी ऐकू येत होतं, त्या सवयीनं आवाज चढवून म्हणाल्या, "अहो, ऐकलंत का? तुमचं बरोबर होतं हो!" अंगणातले लोक वळून बघायला लागले. वैजू धावत आत आली. मी तिथेच बसून राहिलो, वही मांडीवर धरून, आणि रडू आलं तेही त्यांच्यासमोर आलं याची लाज वाटली.

पण माईंनी तुम्हाला अर्धंच सांगितलं. तुमचं बरोबर होतं एवढंच. तुम्ही जे विचारलं होतंत त्याचं उत्तर त्यांना ठाऊक नाही, ते मला द्यायचं होतं. गर्दी नाहीये आत्ता, आप्पा. त्या यादीच्या वर दुसऱ्या लीगचं नाव लिहिलेलं होतं. मी वाचलं नाही.